अतिदक्षता विभागातील रुग्णाला सुसह्य वातावरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अतिदक्षता विभागात दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक आणि तेथे काम करणाऱ्या परिचारिका जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रौढ रुग्णांविषयी आहेत. नवजात बालकांसाठी प्रश्न १८ पाहावा. येथे सुचवलेली कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी खाटेपाशी असलेल्या सिस्टरांना विचारावे, कारण एका रुग्णाला मानवणारी गोष्ट शेजारच्या रुग्णाला घातक ठरू शकते.

१. आयसीयूतील वातावरण रुग्णाला सुसह्य करणे म्हणजे नेमके काय करायचे?

रुग्णाच्या डोळ्यांवर, कानांवर, नाकातोंडावर आणि त्वचेवर दिवसरात्र जे आदळत असते, त्याचा उपचाराचाच एक भाग म्हणून विचार करायचा. आयसीयूमध्ये ज्ञानेंद्रियांवर एकीकडे भडिमार होत असतो आणि दुसरीकडे त्यांची उपासमार होत असते. आवाज भरपूर असतात, पण त्यांत ओळखीचा एकही नसतो. दिवे चोवीस तास जळतात, पण ऊन दिसत नाही. अंगाला सतत हात लागतात, पण ते बहुधा सुई टोचण्यासाठी किंवा नळी तपासण्यासाठी. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा, की नको असलेले आधी कमी करावे आणि हवे असलेले त्यानंतर हळूहळू आणावे. हा क्रम उलटला, म्हणजे गोंगाट तसाच ठेवून त्यात संगीताची भर घातली, तर रुग्णाचा त्रास वाढतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी मंद प्रकाश, मऊ वस्तू आणि सौम्य आवाज यांच्या खास खोल्या तयार करण्याची पद्धत नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात सुरू झाली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला अशा खोलीत नेता येत नाही, त्यामुळे येथे जे काही करायचे ते खाटेभोवतीच करावे लागते.

२. जीव वाचवण्याची धडपड चालू असताना दिवे आणि आवाज यांचा विचार करणे ही चैन नाही का?

नाही. वेदना, तहान, भीती आणि झोपेची मोडतोड हे आयसीयूतील रुग्णांचे नेहमीचे त्रास आहेत आणि त्यांचा परिणाम केवळ मनावर होत नाही. यांपैकी बहुतेक त्रास डेलिरियम या, मेंदूचे काम काही काळ बिघडून भ्रम होण्याच्या, अवस्थेशी निगडित आहेत (प्रश्न ७). व्हेंटिलेटरवरील रुग्णांच्या काही अभ्यासांत डेलिरियमचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. ज्यांना तो होतो त्यांचा रुग्णालयातील मुक्काम लांबतो, आणि अनेकांना घरी गेल्यावरही स्मरणशक्ती व एकाग्रता यांचा त्रास होत राहतो.

अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ या संस्थेने २०१८ मध्ये वेदना, अस्वस्थता, डेलिरियम, हालचालींचा अभाव आणि झोप या पाचही गोष्टींचा एकत्र विचार करणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. झोपेसाठी रात्री आवाज व उजेड कमी करावा आणि वेदनेसाठी औषधांच्या जोडीला संगीत व मालिश द्यावे, असे त्यांत सुचवले आहे. या शिफारशी सशर्त आहेत, कारण पुरावा कमी दर्जाचा आहे. तरीही रात्रीचा दिवा मालवण्याला खर्च नाही आणि धोका जवळजवळ नाही. अशा उपायासाठी भक्कम पुराव्याची वाट पाहत बसणे आम्हाला योग्य वाटत नाही. मात्र वेदनाशामक औषधाची जागा यांपैकी कशालाही घेता येत नाही.

३. विभागात इतका आवाज कशाचा असतो? तो किती असायला हवा?

रुग्णांवर उपचार चालतात त्या खोल्यांत आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा आणि वॉर्डात रात्री ३० डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये सुचवले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील पाच आयसीयूंच्या मोजणीत सरासरी आवाज कधीच ४५ डेसिबलच्या खाली आला नाही, निम्मा वेळ तो विभागानुसार ५२ ते ५९ डेसिबलहून अधिक होता, आणि ८५ डेसिबलहून मोठे आवाज सर्वच ठिकाणी नोंदले गेले. डेसिबलमध्ये १० ची वाढ झाली की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे ३० आणि ५५ यांतील अंतराची कल्पना येते.

हा आवाज केवळ यंत्रांचा नसतो. स्टीलचा ट्रे टेबलावर आपटणे, ट्रॉलीचे कुरकुरणारे चाक, झाकण दणकन मिटणारी कचऱ्याची बादली, वाजणारे मोबाइल, आणि ड्युटी बदलताना खाटेशेजारी होणारे मोठ्या आवाजातील बोलणे यांचा त्यात मोठा वाटा असतो. माणसांचा आवाज सर्वांत आधी आणि फुकटात कमी करता येतो.

तथापि रुग्णाची झोप केवळ आवाजानेच मोडते असे नाही. कॅनडातील संशोधकांनी २००३ मध्ये व्हेंटिलेटरवरील रुग्णांची झोप यंत्राने नोंदवली, तेव्हा आवाज आणि शुश्रूषेसाठी होणारी हाताळणी यांमुळे जाग येण्याचे प्रसंग जाग येण्याच्या एकूण प्रसंगांच्या ३० टक्क्यांहून कमी भरले. बाकीच्या वेळा मूळ आजार, वेदना, औषधे आणि व्हेंटिलेटरशी न जुळणारा श्वास यांचाही विचार करावा लागतो. शांतता आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही.

४. मॉनिटर सतत वाजत असतो. तो बंद का करत नाहीत? आम्ही बटण दाबले तर चालेल का?

नातेवाईकांनी कोणतेही बटण कधीही दाबू नये. शंभरातला एखादाच इशारा खरा असला, तरी तो रुग्णाच्या जिवाचा असू शकतो. मात्र तक्रार रास्त आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील रुग्णालयात ७७ खाटांवरील इशारे ३१ दिवस नोंदवले गेले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एकूण इशारे २५ लाखांहून अधिक होते आणि कानाला ऐकू येणारे इशारे प्रत्येक खाटेमागे दिवसाला १८७ होते. हृदयाच्या ठोक्यांतील अनियमिततेचे जे इशारे तज्ज्ञांनी तपासले, त्यांतील सुमारे ८९ टक्के खोटे निघाले. इतक्या खोट्या हाकांमुळे रुग्ण हैराण होतो, आणि कर्मचाऱ्यांचे कान त्या हाकांना सरावतात हे त्याहून वाईट.

उपाय विभागाच्या हाती आहेत. इशाऱ्याच्या मर्यादा यंत्राच्या मूळ आकड्यांवर न ठेवता त्या त्या रुग्णानुसार ठरवाव्यात, छातीवर चिकटवलेली, हृदयाचे ठोके टिपणारी इलेक्ट्रोड रोज बदलावीत, सलाइनचा पंप रिकामा होऊन वाजण्यापूर्वीच बाटली बदलावी, आणि रात्री खाटेपाशी आवाज कमी ठेवून मध्यवर्ती टेबलावर तो स्पष्ट ऐकू येईल अशी व्यवस्था करावी.

५. कानांत बोळे आणि डोळ्यांवर पट्टी दिली तर उपयोग होतो का?

बऱ्याच रुग्णांना होतो. बेल्जियममधील अँटवर्प येथे १३६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रात्री कानांत बोळे घालून झोपलेल्या रुग्णांमध्ये गोंधळलेपणा कमी आढळला आणि पहिल्या रात्रीनंतर त्यांनी स्वतःची झोप अधिक चांगली असल्याचे सांगितले. फायदा सुरुवातीच्या रात्रींत अधिक दिसला, म्हणून पट्टी आणि बोळे द्यायचेच असतील तर ते पहिल्या रात्रीपासून द्यावेत.

अपवाद महत्त्वाचे आहेत. कवटीच्या तळाचा अस्थिभंग असेल किंवा कानातून पाणी अथवा रक्त येत असेल, तर कानात काहीही घालू नये. ज्याला स्वतःच्या हाताने पट्टी काढता येत नाही, ज्याचे हात बांधलेले आहेत, किंवा जो आधीच भ्रमात आहे, त्याला डोळे झाकल्यावर कोंडल्यासारखे वाटून भीती वाढू शकते. रुग्णाची संमती घ्यावी, त्याने मान हलवून नकार दिला तरी तो पाळावा, आणि सकाळी दोन्ही गोष्टी न विसरता काढाव्यात.

६. आयसीयूला खिडकीच नाही. मग दिवस आणि रात्र कशी कळणार? तीव्र प्रकाशाचे दिवे लावावेत का?

डोळ्याच्या पडद्यात काही पेशी केवळ उजेडाची मात्रा मेंदूला कळवण्याचे काम करतात. सकाळचा निळसर प्रकाश त्यांना जागवतो आणि अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे झोपेला मदत करणारे संप्रेरक स्रवू लागते. आयसीयूमध्ये दिवसाचा उजेड फार मंद असतो आणि रात्रीचा फार प्रखर, त्यामुळे हे घड्याळ बिघडते. खिडकी असेल तर सकाळी पडदा पूर्ण उघडावा आणि शक्य असल्यास खाट तिच्याकडे वळवावी. खिडकी नसेल तर दिवसा छताचे सर्व दिवे लावावेत, रात्री १० नंतर ते मालवावेत, आणि रात्रीच्या तपासणीसाठी खाटेजवळचा छोटा दिवा किंवा टॉर्च वापरावा. रुग्णाला दिसेल अशा ठिकाणी मोठे घड्याळ आणि मोठ्या अक्षरांतील दिनदर्शिका लावावी.

प्रखर प्रकाशाच्या खास दिव्यांबाबत मात्र निकाल निराशाजनक आहे. नेदरलँड्समधील ७३४ रुग्णांवरच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसा तीव्र प्रकाश मिळालेल्यांपैकी ३८ टक्क्यांना आणि नेहमीच्या प्रकाशातील ३३ टक्क्यांना डेलिरियम झाला, म्हणजे फायदा दिसला नाही. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही डेलिरियम कमी करण्यासाठी असा प्रकाशोपचार सुचवलेला नाही. आमच्या मते याचा अर्थ उजेड निरुपयोगी आहे असा नसून, रात्र अंधारी न करता केवळ दिवस उजळल्याने काम भागत नाही असा घ्यावा.

७. बाबा म्हणतात, भिंतीवर माणसे चढत आहेत. मलाही ओळखत नाहीत. त्यांना वेड लागले आहे का?

नाही. मेंदूचे काम काही काळ बिघडल्याची ही अवस्था आहे, तिला डेलिरियम म्हणतात, आणि ती दिवसात अनेकदा कमीजास्त होते. संसर्ग, औषधे, प्राणवायूची कमतरता, क्षारांचा असमतोल आणि झोपेचा अभाव अशी अनेक कारणे एकत्र आलेली असतात. ती शोधणे हे डॉक्टरांचे काम आहे.

आपण वाद घालू नये आणि होकारही देऊ नये. “तुम्हाला तसे दिसत आहे, पण येथे माणसे नाहीत. तुम्ही दवाखान्यात आहात, मी तुमचा मुलगा, आज मंगळवार, सकाळचे ११ वाजले आहेत,” असे शांत आवाजात आणि छोट्या वाक्यांत सांगावे. त्यांचा चष्मा आणि श्रवणयंत्र घरून आणून द्यावे. चष्म्याविना सलाइनच्या स्टँडची सावली माणसासारखी दिसू शकते आणि श्रवणयंत्राविना शेजारचे बोलणे धमकीसारखे ऐकू येऊ शकते. दोन्हींवर नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, कारण आयसीयूतून वॉर्डात हलवताना या वस्तू सहज हरवतात.

आरडाओरडा करणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. जो गप्प पडून असतो, डोळे उघडतो पण विचारल्याचे उत्तर देत नाही, तो “शांत आहे” म्हणून दुर्लक्षित राहतो, आणि डेलिरियमचा हाच प्रकार अधिक आढळतो. “हे नेहमी असे नसतात” हे वाक्य घरच्या माणसाइतक्या खात्रीने कोणीच सांगू शकत नाही, म्हणून ते सिस्टरांना जरूर सांगावे.

८. रुग्ण बेशुद्ध आहे. त्याला ऐकू येते का? त्याच्याशी बोलून काय उपयोग?

ऐकू येत असावे असे धरूनच वागावे. गुंगीच्या औषधावर असताना कानावर पडलेली बोलणी बरे झाल्यावर सांगणारे रुग्ण अनेक असतात. मेंदूला इजा झालेल्या आणि सूचनांना बाहेरून कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूचे चित्रण व विद्युत आलेख यांच्या साहाय्याने पाहिले असता त्यांपैकी ६० जणांचा मेंदू तोंडी सूचनांना प्रतिसाद देत होता. ही संख्या सर्व बेशुद्ध रुग्णांना सरसकट लागू होत नाही, पण चेहऱ्यावर हालचाल नाही म्हणून आत कोणी नाही असे मानण्याचा अधिकार ती आपल्याला देत नाही.

प्रथम नावाने हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, मग घरची साधी बातमी द्यावी: गाय व्याली, नातीचा निकाल लागला, अंगणातला आंबा मोहरला. एका वेळी एकानेच बोलावे आणि मध्ये थांबावे. रुग्णालयाचे बिल, जमिनीची वाटणी आणि “आता काही खरे नाही” हे बोलणे खाटेपाशी कटाक्षाने टाळावे. हा नियम डॉक्टरांच्या राउंडलाही लागू आहे.

९. कोणते संगीत लावावे, आणि किती वेळ?

रुग्णाला आधीपासून आवडते तेच. अमेरिकेत मिनेसोटातील १२ आयसीयूंमध्ये व्हेंटिलेटरवरील ३७३ रुग्णांवर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्वतःच्या आवडीचे संगीत स्वतःला हवे तेव्हा हेडफोनवर ऐकणाऱ्यांची चिंता नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा १०० पैकी सुमारे १९ अंकांनी कमी भरली आणि त्यांना गुंगीच्या औषधाचे डोसही कमी लागले. सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय रुग्णाच्या हाती होता, हे त्यातील मर्म आहे. जिथे आपल्या देहावरही आपली सत्ता उरत नाही, तिथे एवढा अधिकारही मोलाचा असतो.

वारकऱ्याला अभंग लावावेत आणि नाट्यसंगीताच्या शौकिनाला पदे. आयुष्यभर लावणी आवडीने ऐकणाऱ्याला केवळ तो आजारी आहे म्हणून भजन ऐकवू नये. त्यातून त्याला नको तो अर्थ लागू शकतो. संथ लय, वीसतीस मिनिटे, दिवसातून दोनदा, आणि आवाज इतका कमी की शेजारी उभ्या माणसाला ऐकू येऊ नये, एवढे पुरे. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नये. कपाळावर आठ्या आल्या किंवा नाडी वाढली, तर लगेच थांबवावे. रात्री झोप लागावी म्हणून संगीत लावण्याची शिफारस २०१८ च्या तत्त्वांत नाही; रात्रीसाठी शांतताच बरी.

१०. आई खुणेने सारखे पाणी मागते, पण पाणी देऊ नका असे सांगितले आहे. हे बघवत नाही. काय करावे?

ही मागणी हट्ट नाही. आयसीयूतील रुग्णांच्या त्रासांत तहान हा अत्यंत तीव्र त्रास आहे आणि दुर्दैवाने त्याची नोंदही क्वचित होते. घशातील नळीमुळे, गिळण्याच्या अशक्तपणामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे पाणी फुप्फुसात जाण्याची भीती असते, म्हणून ते बंद केलेले असते. चमचाभर पाणीही लपून देऊ नये.

पण तोंड ओले करता येते. अमेरिकेत २५२ रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थंड निर्जंतुक पाण्याचा फवारा, थंड पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने तोंड पुसणे आणि ओठांना मेंथॉलचे मलम एवढ्याने तहानेची तीव्रता आणि तोंडाचा कोरडेपणा दोन्ही कमी झाले. सिस्टरांना याविषयी विचारावे. अनेक ठिकाणी बोळ्याने ओठ आणि जीभ पुसण्याचे काम त्या नातेवाईकांना शिकवतात. प्राणवायूचा मास्क असेल तर तेलकट मलमाऐवजी पाण्यात मिसळणारे मलम वापरावे.

११. पायांना तेल लावून मालिश केले तर चालेल का?

विचारून केले तर बहुधा चालते, पण तेलाविना. तेलामुळे इलेक्ट्रोड आणि चिकटपट्ट्या सुटतात. हात हातात धरणे, तळहात आणि पाऊल हलक्या हाताने चोळणे हे सर्वांत सुरक्षित. पायात रक्ताची गुठळी असल्याची शंका असेल, प्लेटलेट फार कमी असतील, त्वचा पातळ होऊन फाटत असेल किंवा त्या भागात सुई असेल, तर चोळू नये. स्पर्श करण्यापूर्वी सांगावे: “आई, मी तुझा उजवा हात धरते आहे.” न सांगता लागलेला हात रुग्णाला पुढच्या सुईची सूचना वाटतो. पायाला थंडी वाजते का, हेही विचारावे. वातानुकूलित विभागात एका पातळ चादरीवर कुडकुडणारे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो.

१२. सुवासिक तेल, उदी, अंगारा, तीर्थ यांपैकी काय आणता येईल?

झोपेसाठी सुगंधोपचार २०१८ च्या तत्त्वांत सुचवलेला नाही. निलगिरी किंवा अत्तराचा वास एकाला सुखावतो, तर शेजारच्या दमेकऱ्याला तोच धाप लावू शकतो. अगरबत्ती, कापूर आणि निरांजन यांना प्राणवायूच्या सान्निध्यात पूर्ण बंदी असते आणि ती योग्य आहे. तीर्थ किंवा गंगाजल तोंडात घालू नये. कारण प्रश्न १० मध्ये दिले आहे. उदी किंवा अंगारा बंद पुडीत ठेवून खाटेच्या कडेला लावण्यास बहुतेक विभाग परवानगी देतात, मात्र सुटी पूड जखमेजवळ आणि नळ्यांजवळ नको. श्रद्धेची वस्तू मागितली म्हणून नातेवाईकांना झिडकारणेही चुकीचे आहे, कारण ती वस्तू रुग्णासाठी घरच्या जगाचा एक धागा असते. ओळखीचा स्पर्श हवा असेल, तर धुऊन कडक उन्हात वाळवलेल्या गोधडीविषयी किंवा साडीच्या तुकड्याविषयी विचारावे. संसर्गाच्या धोक्यामुळे नकार मिळाला तर तो मानावा.

१३. आमची आजी फक्त मालवणी बोलते आणि सिस्टर परराज्यातील आहेत. याने काही फरक पडतो का?

पडतो. मुंबई, पुणे आणि गोवा येथील आयसीयूंत केरळमधून व ईशान्येकडून आलेल्या अनेक परिचारिका निष्ठेने काम करतात. पण भ्रमात सापडलेल्या वृद्धेला परकी भाषा हा आणखी एक गोंगाट वाटतो. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा कोंकणी अशी तिची जी बोली असेल, त्या बोलीतील दहाबारा वाक्ये एका कागदावर देवनागरीत आणि सिस्टरांना वाचता येईल अशा लिपीतही लिहून द्यावीत: दुखते का, कुठे दुखते, कूस बदलू का, लघवीला लागली का, घाबरू नका, मुलगी चार वाजता येणार आहे. रुग्णाला घरात कोणत्या नावाने हाक मारतात तेही वर ठळक लिहावे. ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी चित्रांचा तक्ता आणि मराठी वर्णमाला ठेवावी.

१४. भेटीची वेळ फक्त पंधरा मिनिटे आहे. ती वाढवून मागितली तर रुग्णाला अपाय होईल का?

ब्राझीलमधील ३६ आयसीयूंत १,६८५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला १२ तासांपर्यंतची भेट आणि नेहमीची मर्यादित भेट यांची तुलना केली गेली. डेलिरियमच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही (१८.९ आणि २०.१ टक्के), संसर्गही वाढला नाही, आणि नातेवाईकांमधील चिंता व नैराश्य कमी झाले. म्हणून अधिक भेट म्हणजे अपाय हे गृहीतक टिकत नाही, आणि विभागांनी निदान एका ठरावीक माणसाला तरी अधिक वेळ बसू द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गर्दी मात्र वेगळी गोष्ट आहे. गावाहून आलेल्या वीस जणांनी पाळीपाळीने डोकावून जाणे रुग्णासाठी थकवणारे असते.

१५. परदेशात खाटेवर आकाश दिसणारे छत असते म्हणतात. आभासी वास्तवाचे चष्मेही निघाले आहेत. ते आपल्याकडे आणावेत का?

बर्लिनच्या शारिते रुग्णालयात आयसीयूच्या दोन खोल्या वास्तुरचनाकारांच्या मदतीने नव्याने घडवल्या गेल्या. तेथे खाटेवर प्रकाशमान पडद्याचे छत आहे, यंत्रे रुग्णाच्या नजरेआड आहेत, आणि आवाज शोषणारी रचना केलेली आहे. यांतील छताची नक्कल करणे अवघड आहे. यंत्रे डोक्यामागे सरकवणे अवघड नाही. आभासी वास्तवाचे चष्मे वेदनेसाठी देऊ नयेत असे २०१८ च्या तत्त्वांनी सुचवले होते. भ्रमातील रुग्णाला खरे आणि खोटे यांतील सीमा आधीच पुसट झालेली असते, त्याला तर ते मुळीच देऊ नयेत.

१६. कोणत्या रुग्णाला आवाज, प्रकाश आणि स्पर्श जवळजवळ देऊच नयेत?

धनुर्वाताच्या रुग्णाला. साध्या आवाजाने, दिवा लागल्याने किंवा अंगाला हात लागल्याने त्याचे स्नायू जीवघेणे आखडतात, म्हणून त्याला अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवतात. डोक्याला मार लागून कवटीतील दाब वाढलेल्या रुग्णाच्या बाबतीतही सुरुवातीच्या दिवसांत हाताळणी कमीत कमी ठेवतात. अशा काहींना नुसत्या स्पर्शाने नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढण्याचा त्रास होतो. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येणाऱ्यांना चित्रफिती दाखवू नयेत. अशा रुग्णांसाठी प्रश्न ८, ९ आणि ११ मधील सूचना डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच अमलात आणाव्यात.

१७. स्नायू शिथिल करण्याचे औषध चालू असलेल्या रुग्णाचे काय?

हे औषध स्नायू थांबवते. जाणीव, वेदना आणि श्रवण थांबवत नाही. त्यासाठी गुंगीचे आणि वेदनेचे औषध वेगळे द्यावे लागते. अशा रुग्णाला आठ्याही घालता येत नाहीत, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब वाढणे, डोळ्यांतून पाणी येणे या खुणांकडे लक्ष ठेवावे लागते. डोळे मिटत नसल्याने त्यांत मलम घालून ते झाकतात, म्हणजे तेवढा काळ दिसणेही बंद असते आणि उरतो तो कान. प्रत्येक कृतीपूर्वी त्याला तोंडी सांगणे येथे सर्वाधिक निकडीचे आहे.

१८. अतिदक्षता विभागातील नवजात बाळांना हेच नियम लागू आहेत का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. नवजात विभागात आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवण्याची शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्ये केली. इन्क्युबेटरवर बाटली ठेवणे किंवा टिचकी मारणे आत फार मोठ्याने ऐकू जाते. बाळासाठी सर्वांत समृद्ध वातावरण म्हणजे आईची छाती: भारतासह पाच देशांतील ३,२११ बाळांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने आईच्या त्वचेशी ठेवल्याने पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. खेळणी आणि वाजणारे खुळखुळे तेथे नकोत.

१९. आमचे तालुक्याच्या गावातील सहा खाटांचे आयसीयू आहे. खर्च न करता कुठून सुरुवात करावी?

रात्रीपासून. रात्री १२ ते पहाटे ५ ही शांत वेळ ठरवावी. रक्ताचे नमुने, अंग पुसणे आणि एक्स-रे ही तातडीची नसलेली कामे त्या वेळेबाहेर एकत्र उरकावीत. पहाटे ४ वाजता स्पंज देण्याची प्रथा केवळ ड्युटीच्या सोयीसाठी असते, ती सोडावी. ट्रॉलीच्या चाकांना तेल घालावे, कचऱ्याच्या बादलीच्या झाकणाला रबर लावावे, फोन थरथरण्यावर ठेवावेत. मावशी आणि वॉर्डबॉय यांना या ठरावात पहिल्या दिवसापासून घ्यावे, कारण त्यांच्या कामाचा आवाज सर्वाधिक आणि त्यांना विचारण्याची पद्धत सर्वांत कमी. आवाज मोजण्याचे मोबाइलमधील अॅप अचूक नसते, पण आधी आणि नंतरचा फरक दाखवायला पुरते.

२०. रुग्णालयाबाहेर मिरवणुकीचा ढोल आणि डीजे चालू आहे. काही करता येते का?

येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांत रुग्णालयांभोवतीच्या किमान १०० मीटर परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद आहे, आणि अशा क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५० व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४० डेसिबल आहे. तक्रार पोलीस नियंत्रण कक्षाकडे ११२ क्रमांकावर करता येते. गणेशोत्सवापूर्वीच रुग्णालयाने परिसरातील मंडळांना भेटून, आयसीयूची भिंत नेमकी कोणत्या रस्त्याला लागून आहे हे दाखवून दिले, तर कार्यकर्ते तेवढ्या टप्प्यात वादन थांबवण्यास अनेकदा तयार होतात. तोपर्यंत त्या बाजूच्या रुग्णांसाठी प्रश्न ५ मधील उपाय करावेत.

२१. हे सगळे केले, तरी रुग्ण तळमळतो आणि नळ्या ओढतो. आता काय?

मग वातावरण बाजूला ठेवून शरीरातील कारण शोधावे. लघवीची नळी तुंबून मूत्राशय भरले आहे का, चार दिवस शौचास झालेले नाही का, प्राणवायू कमी पडतो आहे का, वेदनेचे औषध पुरते आहे का, हे डॉक्टर आधी पाहतात. एक कारण मात्र केवळ घरच्यांना माहीत असते आणि संकोचाने ते सांगितले जात नाही: रोजची दारू, तंबाखू किंवा मिश्री अचानक सुटणे. दारू सुटल्यानंतर दोनतीन दिवसांनी येणारा कंप आणि भ्रम जिवावर बेतू शकतो आणि त्यावर निश्चित औषध आहे. तंबाखू व मिश्री सुटल्यानेही प्रचंड तगमग होते. आजीची मिश्री किंवा काकांची रोजची बाटली लपवू नये. किती आणि किती वर्षे, ते दाखल करतानाच डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तेव्हा राहून गेले असेल तर आज सांगावे.